गोळ्याचा परवाना

सरकारी ऑफिसातून कागद कसा काढायचा, हे कोणीही मला येऊन विचारावं! लोक म्हणतात, चपला झिजतात. माझ्या नाही झिजत. रेशनकार्डावर सासूबाईंचं वय दुरुस्त करून आणलं ते मी, विजेचं मीटर बदलून घेतलं तेही मी. गुपित एकच. समोरच्याला बोलायची फुरसत द्यायची नाही!

तर झालं असं, की आमच्या नागपुरात मनीषनगरजवळच्या बागेत जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरणार होतं. सोबत खाण्याचे स्टॉल. माझी जाऊ दामिनी आणि मी, दोघींनी ठरवलं की गोळाभाताचा स्टॉल लावायचा. माझं माहेर रामटेककडचं, धानाचा मुलूख. तिकडच्या तांदळाचा मोकळा भात, त्यात डाळीच्या भरड्याचे मऊ गोळे, वरून लाल मिरचीची कडकडीत फोडणी आणि सोबत वाटीभर चिंचेचं सार! आमच्याकडे जेवून गेलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी छत्री विसरलो म्हणून परत येतो, आणि छत्री त्यानं आणलेलीच नसते! दामिनी घरी शिवणकाम करते, तिनं तर या स्टॉलपायी नवे ब्लाउज शिवायला घेणं बंद केलं होतं. स्टॉल चालला तर दोघींनी मिळून खानावळ काढायची, असा बेत होता.

परवाना काढायला निघाले, तर आमचे हे, म्हणजे गिरिधरराव, आडवे आले.

"अवं, मी येतो सोबत. अर्ज नीट लिहून नेऊ."

"काहून? मले तोंड नाही काय?" असं म्हणून मी स्कूटी काढली.

उद्यान कार्यालयात खिडकीशी खोतसाहेब बसले होते. चिपळूणकडचा माणूस, नागपुरात नवीनच आलेला. खिडकीच्या बाहेर गवत कापायचं मशीन असं घरघरत होतं की साहेबांचा चहासुद्धा कपात थरथरत होता.

"काय विकणार?" ते ओरडले.

"गोळाभात!" मीही ओरडले. मशीननं नेमका तेव्हाच सूर लावला.

"गोळा? जानेवारीत?"

"थंडीतच तर मजा आहे सर! नागपूरवाले तुटून पडतात!"

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "घशाला त्रास नाही होत लोकांना?"

"थोडा कोरडा लागतो घशाला. पण वरून चिंचेचं घेतलं की झालं!"

"अच्छा, काळा खट्टा."

"तुमच्याकडे काय म्हणतात माहीत नाही, पण आंबटच!"

"रंग कोणता घालता?"

"फक्त हळद!"

"नैसर्गिक रंग! वा!" साहेब खूश झाले. "गॅस, शेगडी काही?"

"छे! सगळं घरूनच करून आणू."

"घरून? अहो, वाटेत विरघळले तर?"

इथे मात्र मला राग आला. "सर, लग्नाला वीस वर्षं झाली माझ्या. माझा गोळा आजवर एकदाही विरघळला नाही!"

साहेब चक्क खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला नमस्कार केला. मला वाटलं, गुणांची कदर असणारा माणूस आहे! एका फेरीत परवाना मिळाला. मी त्यावरचा शिक्का पाहिला, सही पाहिली, गोपिका हे माझं नाव पाहिलं आणि कागद देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. मधली ओळ वाचायची राहिली. देवानंही वाचली नसावी.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी भाताचे दोन गंज, साराचं पातेलं आणि फोडणीचं तेल भरलेला थर्मास घेऊन आम्ही ऑटोतून बागेत उतरलो. थंडी अशी, की शेवंतीसुद्धा शाल मागेल. आमच्या स्टॉलवर बाग समितीनं भली मोठी पाटी लावली होती. "गोपिका बर्फगोळा". खाली माझा फोन नंबर, बाजूला काडीवरच्या लालभडक गोळ्याचं चित्र.

"बाई, हे काय वं?" दामिनी म्हणाली.

"पेंटर चुकला असेल," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच जरा बारीक वाटला.

तेवढ्यात परवाने तपासणारे इंगोलेसाहेब आले. कानटोपी, मफलर, वर कोट. त्यांनी परवाना पाहिला, मग गंजाचं झाकण उचललं आणि वाफेत तोंड घालून क्षणभर डोळे मिटले.

"गोळाभात!" ते म्हणाले. "माझी मायही करत होती. पण ताई, बर्फ कुठं आहे?"

"कोणता बर्फ?"

त्यांनी मधल्या ओळीवर बोट ठेवलं. पदार्थ, बर्फगोळा. माझ्या पायाखालची हिरवळ सरकली.

"साहेब, हे खोतसाहेबांनी ऐकलं चुकीचं!"

"असंल. पण ते गेले गावाले, फोनही लागत नाही. इथं जे लिहिलं आहे तेच विकता येते. मी तरी काय करू?"

ते काही दुष्ट नव्हते. उलट माझ्याहून जास्त दुःखी तेच दिसत होते. दामिनी गंजावर हात ठेवून उभी राहिली. मी परवाना उलटून पाहिला, मागच्या बाजूला तरी भात लिहिला असेल म्हणून. एवढा भात! दुपारपर्यंत त्याचं काय होणार होतं?

मग दामिनीच हळूच म्हणाली, "साहेब, बर्फाचा गोळा विकला आणि सोबत भात तसाच वाढला तर?"

"तसाच म्हणजे?"

"फुकट."

इंगोलेसाहेबांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "फुकट वाढाले मनाई आहे, असं काही मी वाचलं नाही बाप्पा," ते शेवटी म्हणाले.

गिरिधररावांना फोन केला. ते "मी म्हटलं होतं ना" असं म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. थोड्या वेळानं स्कूटरवर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी आणि ओळखीच्या गोळेवाल्याचं मशीन घेऊन हजर झाले. हातमोजे घालून बर्फ किसू लागले, तर दातांचा आवाज मशीनपेक्षा मोठा! सरबत मात्र आणायचं विसरले. मग चिंचेचं सारच ओतलं वरून. त्यात लसणाची फोडणी होती, पण इलाज नव्हता.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे स्वेटरवर स्वेटर घातलेले एक आजोबा.

"मले फक्त भात द्या."

"भात विकत नाही आजोबा. गोळा घ्या, त्यावर भात फुकट."

"गोळा घेतला तर मरीन ना मी!"

"खाऊ नका. नुसता धरा!"

आजोबांनी धरला. डाव्या हातात गोळा, उजव्या हातानं भात! दोन घास खाल्ले आणि त्यांनी तिथूनच बायकोला हाक मारली. बघता बघता रांग लागली. अख्खी बाग डाव्या हातानं कुडकुडत होती आणि उजव्या हातानं जेवत होती! टाकून दिलेल्या गोळ्यांनी बादल्या भरल्या. एका बाईनं मात्र लसणाचा गोळा शेवटपर्यंत चोखला आणि "नवीन आहे काहीतरी" म्हणून दुसरा मागितला. जगात सगळ्या प्रकारची माणसं असतात.

दुपारी इंगोलेसाहेब रांगेत दिसले.

"मले गोळा नका देऊ ताई, टॉन्सिल आहे."

"घ्यावाच लागेल साहेब. मी तरी काय करू?"

त्यांनी मुकाट्यानं रुमालात गोळा धरला आणि दोनदा भात खाल्ला.

संध्याकाळी गंज रिकामे झाले. दामिनी गंजाच्या तळाची खरवड खात हसत होती. खानावळ आता झालीच, असं आम्हा दोघींना वाटलं.

चार दिवसांनी फोन आला. इतवारीतल्या एका कापडवाल्यांच्या घरून.

"तुमच्या गोळ्याचं लय नाव ऐकलं वं ताई! मे महिन्यात पोरीचं लग्न आहे. हजार लोकांचं जमंल काय?"

हजार! मी फोनवर हात ठेवून दामिनीला सांगितलं, तिनं तिथंच फुगडीसाठी हात पुढे केले. मी फोन पुन्हा कानाला लावला.

"जमेल ना! फक्त तांदूळ आमच्या पसंतीचा लागेल."

"तांदूळ काहून? भात तर केटररकडे आहे. तुम्ही बर्फ घेऊन या. आणि हो, तो लसणाचा गोळा नक्की ठेवा, आमच्या नणंदबाईले लय आवडला!"

यावर मी काय बोलले असेन? "हो" म्हटलं. गिरिधरराव सध्या अंगणात बसून बर्फाच्या मशीनला तेल घालून राहिले आहेत.