पाखरं वाटून घेऊ

मारोतकाकांच्या तोंडी रामराम नाही. समोर कुणीही आलं की पहिला सवाल, "पाखरं तिकडं हायेत का?" आहेत म्हटलं तर त्यांचा जीव जरा खाली बसतो. नाहीत म्हटलं की "मंग माझ्याकडं निघाली" असं पुटपुटत ते चालू लागतात. फेब्रुवारीत माझ्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवावरून एक थवा गेला. काका मुठीतल्या अक्षतांसकट थेट शेतात.

काका माझे शेजारी, घरानंही आणि शेतानंही. वसमतकडच्या हट्टा गावाच्या अलीकडं असलेल्या आमच्या गावात रब्बीची ज्वारी पेरणारा हा एकटाच माणूस उरला आहे. बाकी आम्ही सगळे शहाणे. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात हरभरा. दोन्हींना सरकारचा हमीभाव आहे आणि माल घ्यायला खरेदी केंद्रही उघडतं. हमीभाव तसा ज्वारीलाही आहे, पण तिच्यासाठी आमच्याकडं काटा लागलेला मी तरी पाहिला नाही. त्यात रेशनचे गहू-तांदूळ फुकट घरात येतात. मग ज्वारी कोण कशाला पेरील?

पाखरांना मात्र हे धोरण कुणी कळवलेलं नाही. पूर्वी गावभर विखुरणारी पाखरं आता सगळी काकांच्या एका एकरावर उतरतात. काका पहाटेपासून शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात, डबा बडवतात आणि ओरडून घसा बसला की नुसते हातवारे करतात.

यावर त्यांचा एकच तोडगा, "पाखरं वाटून घेऊ." दरवर्षी पेरणीआधी ते दारोदार हिंडतात. प्रत्येकानं बांधाकडेनं चार ओळी ज्वारी पेरली तर कुणाचंच फार खाल्लं जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही माना डोलावतो, त्यांना चहा पाजतो आणि हरभरा पेरतो.

एकदा शेती खात्याच्या शिबिरात त्यांनी साहेबांना पाखरांची भरपाई विचारली. साहेबांनी अर्ज दाखवला. त्यात रानडुक्कर होतं, हरीण होतं, पाखरू नव्हतं. मग काकांनी ठरवलं, मोबाईलवर पीक पाहणी नोंदवताना फोटोत पाखरंच दाखवायची, सरकारला दिसू द्या. ज्यांना रोज हुसकावलं ती आता बसावीत म्हणून काका अर्धा दिवस ज्वारीत दबा धरून राहिले. मोबाईल वर केला की थवा भुर्र. शेवटी फोटो निघाला तो काकांच्याच पटक्याचा.

यंदा अवकाळी पावसात निम्मी ज्वारी आडवी झाली. उभी राहिली तिच्यावर पाखरं. काकांचं जेवण तुटलं. दिवसातून तीनदा येऊन विचारायचे, एक पोतं तरी निघेल ना? काकू जाऊन चार वर्षं झालेली, घरात हा एकटा माणूस, खाणार किती? मला हसू यायचं.

एप्रिलात मी वसमतच्या मोंढ्यात गेलो, तर एका अडत दुकानाच्या मागं काका उकिडवे बसलेले. बाजारच्या ज्वारीची भाकरी शिवायला नको म्हणणारा हा माणूस तीच ज्वारी घरून आणलेल्या पोत्यात ओतत होता. मला पाहून दचकले.

"कुणाला सांगू नको," ते म्हणाले. "सुनीता येणार हाय सुट्टीत."

सुनीता त्यांची एकुलती लेक, पुण्याकडे असते. दर उन्हाळ्यात घरची ज्वारी न्यायला येते आणि चार दिवस राहते. बाजारचीच द्यायची तर ती तिकडंच घेईल की, असं मी बोलून गेलो.

काकांनी पोतं हलवून ज्वारी खाली बसवली. "तेच तर. गहू-तांदूळ तिला तिथंच रेशनवर मिळून राहिले. ज्वारी न्हाई म्हटलं, तर ती इकडं काहून येईल?"

जवळच्या पिशवीत त्यांच्या शेतातली, पाखरांनी ठेवली तेवढी ज्वारी होती. मी पोत्याचं तोंड धरलं. ती वरून पसरताना त्यांनी दोनदा विचारलं, "घरचीच वाटंल ना रे?" वाटेल, म्हणालो. मला माझीच लाज वाटत होती. पुढच्या साली चार ओळी मी पेरतो, असं अगदी ओठांवर आलं. पण गेल्या साली मी त्यांना हेच म्हटलं होतं. मी दाभण घेतलं आणि पोतं शिवायला लागलो.