महायोद्धा आणि जावई

"ताकद कशाला म्हणतात ते मला शिकवू नको!" रतनसिंग राठोडांनी पोरीला ठणकावलं आणि तिचा मोबाइल नाकाजवळ ओढला.

मंडळी, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला असलेल्या त्या तांड्यात हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही! रतनसिंग म्हणजे तरुणपणी कुस्तीचे फड गाजवलेला गडी. आता पन्नाशी उलटली होती आणि पोट पुढे आलं होतं, पण छाती पोटाच्याही पुढे!

त्यांची धाकटी, पुजा, 'अग्निगड' नावाच्या मोबाइलवरच्या खेळात पट्टीची. तिघांच्या टोळीची कप्तान. रविवारची साखरा गावच्या टोळीशी लढत जिंकली की पोरगी थेट नांदेडच्या अंतिम फेरीला जाणार होती. त्यासाठी वर्षभर तिनं जिवाचं रान केलं होतं. आणि ऐन वेळी तिसरा गडी दिपक सोयाबीन काढायला निघून गेला! उरले दोघं, पुजा आणि औंढ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा साजीद.

"मी हाव ना!" रतनसिंग म्हणाले. नको म्हणायची कुणाची टाप होती?

आता प्रश्न आला पात्र कोणतं घ्यायचं. पुजानं समजावलं, "बाबा, तुमी वैद्य घ्या. साजीद मांत्रिक हाय, मी धनुर्धारी. जखमा भरणारं कुणी न्हाई आपल्यात."

"वैद्य? काहून? म्या काय पट्ट्या बांधत बसू? मला ताकदीचा गडी दाव!"

पुजानं नाइलाजानं महायोद्धा दाखवला. म्हशीएवढा देह आणि दाराच्या फळीएवढी कुऱ्हाड! रतनसिंगांचे डोळे चमकले.

"खांदा बरा हाय. जरा फिरव त्याला. मागून दाव. आता चालवून दाव."

"बाबा, हा बैलबाजार न्हाई!"

"पोरी, आपल्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मुलूखभर धान्य वाहिलं. जनावर पारखायला आपल्या रक्तात चूक न्हाई. दात दाव त्याचे."

"चाचा, तोंडावर लोखंडी टोप है उसके, दात कहाँ से दिखेंगे?" साजीदनं कपाळावर हात मारला.

दातावाचून सौदा पक्का झाला! मग गुण वाटायची वेळ आली. रतनसिंगांनी सगळेच्या सगळे ताकदीवर ओतले. वेगाला काही नाही, बुद्धीला काही नाही.

"बाबा, बुद्धीला तरी थोडे ठेवा!"

"बुद्धी मी माझी घालीन!"

आणि खोटं कशाला सांगू, आठवडाभराच्या सरावात माणूस तयार झाला. झाडं काय तोडली, बुरूज काय पाडले! "आपला महायोद्धा एका दणक्यात हत्ती लोळवून राहिला," हे त्यांनी तांड्यात घरोघरी जाऊन सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

रविवारी समाजमंदिरात साजीदनं भला मोठा पडदा लावला. सगळा तांडा जमला. पुढच्या रांगेत रतनसिंगांच्या कारभारीण जमनाबाई. लढत सुरू झाली तशी पुजा ओरडली, "बाबा, आधी त्यांचा वैद्य गाठा! तो जिता हाय तवर त्यांचं कुणी मरत न्हाई!"

महायोद्धा धडधडत निघाला. पांढऱ्या झग्यातला तो किरकोळ वैद्य पुजाचे दोन बाण अंगात घेऊन भिंतीला टेकला होता. रतनसिंगांनी कुऱ्हाड उचलली. तांड्यानं श्वास रोखला. तेवढ्यात स्पीकरमधून वैद्याचा आवाज आला, "अरे, वाचवा रे कुणी मला!"

कुऱ्हाड वरच्या वर थांबली.

"कोण? हरिचंद?"

पलीकडून दबका आवाज आला, "मामा? राम राम, मामा!"

झालं! साखऱ्याला दिलेल्या थोरल्या लेकीचा, शितलचा, नवरा होता तो! हा जावई मोबाइलवर खेळतो, हे सासऱ्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

"राम राम! शितल बरी हाय ना? लेकरू काय म्हणतंय?"

"समदं बराबर हाय, मामा."

"बाबा, हाणा!" पुजा किंचाळली.

"अगं, जावई हायेत!"

"खेळ हाय हा!"

"खेळ असंल, जावई खरा हाय!"

जावयाचा आवाज ऐकताच जमनाबाईंनी पडद्यापुढे पदर डोक्यावर ओढला होता. पदराआडून त्या म्हणाल्या, "त्यांच्या अंगावर कुऱ्हाड टाकाल तर घरी येऊ नका!"

तिकडून साखऱ्याच्या गड्यांनी रतनसिंगांवर बाणांचा पाऊस पाडला. हरिचंद कळवळला. "मामांना मारू नका रे!" असं म्हणत त्यानं औषधाचा सगळा प्रकाश सासऱ्यांवरच ओतला. या खेळात वैद्याचा प्रकाश आपला-परका बघत नाही, पडेल त्याची जखम भरतो. इकडून साजीदनं हरिचंदवर आगीचा गोळा फेकला, तर रतनसिंग मध्ये आडवे!

"चाचा, आप हमारे तरफ हो या उनके?"

"मी सोयऱ्यांच्या तर्फे हाव!"

या भानगडीत खरी लढाई पुजा आणि साजीदच्याच गळ्यात पडली. साजीद एकाला घेऊन पडला. पुजानं दुसऱ्याला लोळवलं, पण त्याच्या शेवटच्या घावानं तीही गेली. मैदानात उरले दोघंच, सासरा आणि जावई.

"मारा, मामा."

"छे छे! तुमी मारा."

"तुमी वडीलधारे. आधी तुमी."

"आसं कसं? मान तुमचा!"

पंगतीत शेवटच्या जिलबीचा आग्रह चालावा तसं चाललं होतं. घड्याळ सरत होतं. रतनसिंगांनी सहज शेजारी पाहिलं, तर पुजाच्या डोळ्यांत पाणी. त्यांचं काळीज चरकलं. पोरीचं वर्ष आपण पाण्यात घातलं! त्यांनी दात-ओठ खाऊन कुऱ्हाड उचलली, पण अंगठा पुढे सरकेना. बापाला लेकही प्यारी आणि जावयाचा मानही! कुऱ्हाड हळूच खाली आली आणि भोंगा वाजला. वेळ संपली.

पडद्यावर निकाल झळकला. बरोबरी असेल तर ज्याच्या अंगात जीव जास्त तो विजयी! हरिचंदनं स्वतःच्या जखमा तशाच ठेवून सगळं औषध सासऱ्यांना पाजलं होतं. रतनसिंग ठणठणीत, जावई अर्धमेला. पुजाची टोळी जिंकली!

समाजमंदिर दणाणलं. पुजानं बापाला मिठी मारली. रतनसिंगांची छाती पोटापुढे गेली ती गेलीच. "बघितलं? गडी निवडावा तर आसा!" खाली बारीक अक्षरांत 'रतनसिंग : एकूण वार शून्य' असं लिहून आलं होतं. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. "आन् जावई बी बघा कसा निवडला!"

बाहेर ओट्यावर हार-फुलं झाली, चहा झाला. पुजाला मात्र नांदेडच्या अंतिम फेरीचा घोर लागला होता.

"बाबा, एक इचारू? नांदेड जिल्ह्यात आपले सोयरे किती?"

"हात् तिच्या! एवढंच ना?" रतनसिंग खुशीत बोटांवर मोजू लागले. किनवटचे झाले, माहूरचे झाले, मुखेडचे व्याही झाले, जमनाबाईंच्या माहेरचे झाले. दोन्ही हातांची बोटं संपली, तसे रतनसिंग ओट्यावर ऐसपैस बसले आणि मोठ्या अभिमानानं त्यांनी पायातल्या चपला काढल्या.