दोराचे तीन नमुने

सुरक्षा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता रामकिसन कार्यालयाच्या आवारातला कडुनिंब छाटायला चढला. खालच्या फांद्या त्याने चढता चढताच उतरवल्या. शिपायाने वीस फुटी शिडी लावून 'सुरक्षित उतरा, सुखरूप घरी जा' हा फलक बांधला, शिडी भिंतीला टेकवली आणि चहाला गेला.

रामकिसनची तीस वर्षं झाडांवर गेली होती. उतरायची रीत ठरलेली. दोर वरच्या बेचक्यात पक्का बांधायचा, त्यावर सरकगाठ मारून ती कमरेच्या पट्ट्याला अडकवायची आणि गाठ हाताने खाली ओढत सावकाश यायचं. हात सुटला की गाठ आवळते, माणूस जागीच थांबतो. यंदाही न पडता वर्ष गेलं म्हणून शेतातल्या मारुतीपुढे गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं. माणसं साठ. नारळ त्यानेच फोडायचा, त्याशिवाय पंगत बसायची नाही. बाराला पोचायचं होतं.

साडेदहाला त्याने दोर खाली सोडला आणि निरीक्षक हेमसिंग झाडाखाली येऊन उभे राहिले.

"थांबा! चढायची परवानगी आहे. उतरायची कुठंय?"

"साहेब, चढलेला मानूस उतरतेच ना!"

"हे गृहीत धरल्यामुळेच अपघात होतात."

नव्या परिपत्रकानुसार उतरण्याचा दोर प्रमाणित हवा होता. प्रमाणपत्रासाठी तपासणी, तपासणीसाठी नमुना. लिपिक सुकेशनी मॅडमनी नियम वाचला : सहा फुटांचे तीन तुकडे. एक प्रयोगशाळेला, एक वरिष्ठांना, एक दप्तरी. लोंबणारं टोक आयतंच हाताशी होतं. अठरा फूट दोर कापून मोहोरबंद झाला.

"ओ मॅडम, त्याच दोरानं उतरून राह्यलो ना मी!"

"म्हणून तर तोच तपासायचा, काका. दुसऱ्या दोराचा नमुना दिला तर ती शासनाची फसवणूक."

अहवालाला एकवीस दिवस लागणार होते.

"तवरोक मी काय करू?"

"तोवर तुम्ही सुरक्षित आहात," हेमसिंग म्हणाले. "आजवरच्या प्रत्येक अपघातात माणूस खाली येतानाच जखमी झालेला आहे. वर थांबून कुणी पडल्याची नोंद नाही."

मग त्यांनी उरलेला दोर मोजला. तो जमिनीपासून अठरा फूट वरच संपत होता. अपुरा दोर वापरल्याबद्दल रामकिसनला नोटीस निघाली, बांबूच्या टोकाला खोचून वर गेली आणि पोच म्हणून त्याचा अंगठा घेऊन परत आली.

बारा वाजले. गर्दी जमली, मोबाइल वर झाले. एक वाजता रामकिसनची बायको तुळसाबाई ऑटोतून उतरली.

"काहून टांगून राह्यले वो? तिकडं लोकं उपाशी बसले!"

"दोर पास व्हाचा हाय."

"तीस वर्सात तुमी नाई पडले, अन् आता दोराची परीक्षा?" ती निरीक्षकांकडे वळली. "साहेब, तुमालेही आवतन हाय. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. पन नारळ हेच फोडतीन. तवरोक कोनाले घास नाई."

हेमसिंगांनी घड्याळ पाहिलं. सकाळपासून त्यांच्या पोटात फक्त चहा होता.

"वांगी झणझणीत आहेत?"

"तुमच्या नोटिशीपेक्षा."

निरीक्षकांनी परिपत्रक पुन्हा वाचलं आणि त्यात वाट सापडली. सुकेशनी मॅडमनी लिहून घेतलं : 'सदर दोराची जागेवर भारचाचणी घेण्यात यावी. चाचणीवेळी दोरावर माणूस आढळल्यास त्यास वजन समजण्यात यावे.'

वजन उतरू लागलं. दोर संपला तिथे त्याने कमरेचा आखूड दोर खोडाभोवती फिरवून पुन्हा कमरेलाच बांधला, मग पट्ट्याची सरकगाठ सोडली. तळपाय सालीवर रोवत, फास वीत-वीत खाली सरकवत तो अठरा फूट आला. गुडघे सोलवटले, पण दोन वाजता नारळ फुटला. हेमसिंगांनी चार रोडगे खाल्ले. प्रमाणपत्र दोराला मिळालं. शेवटच्या रकान्यात नोंद होती : 'वजनास किरकोळ खरचटले.'

या उतरण्याचा व्हिडिओ जऊळक्यापासून धनजपर्यंत जिल्हाभर फिरला. हजारोंनी पाहिला, व्यवस्थेला हसून पुढे पाठवला. फलकाशेजारी भिंतीला टेकवलेली वीस फुटी शिडी त्यात शेवटपर्यंत स्वच्छ दिसते. ती एकालाही दिसली नाही. आणि तुम्ही तरी कशाला हसता? तुम्हाला तर ती पहिल्याच परिच्छेदात दाखवली होती.