शेवटच्या अल्बममधलं पातेलं

"नळ उघडा आहे. खाली पातेलं पालथं घातलंय. ते वाजलं की पाणी आलं. पाणी आलं की उठायचं आणि मोटर चालू करायची. ध्यानात राहील न्हवं?" माहेरच्यांना आणायला निपाणीची बस गाठायच्या घाईत लतिकानं तिसऱ्यांदा विचारलं.

"राहील की," केशव म्हणाला.

"उद्या आक्का, भावोजी, सगळं माहेर जेवायला आहे. टाकीत थेंब न्हाई. आज पाणी चुकलं तर पुढचा आठवडा. आणि चुकलंच, तर ते तुमचे दोन डबे भंगारवाल्याला!"

डबे म्हणजे केशवचे स्पीकर. टिळकवाडीतल्या या वकिलाचा त्यांच्यावर भारी जीव. तो आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त युवराज गेली तीन वर्षं दर रविवारी त्या स्पीकरांपुढं बसत होते. युवराज पिरनवाडीचा, कोर्टातच टायपिस्ट. त्याला मोबाइलवर कुठंतरी जगातल्या गाजलेल्या अल्बमांची लांबलचक यादी सापडली, आणि ती अख्खी ऐकायचा दोघांनी विडा उचलला. नियम एकच, तोही वकिलानं केलेला. अल्बम चालू असताना कुणीही उठला, की दोघांनी पुन्हा पहिल्या अल्बमपासून सुरुवात करायची. एकदा युवराजच्या पायावरून पाल गेली, पण पठ्ठ्या हलला नाही.

आणि आज यादीतला शेवटचा अल्बम होता. परदेशी, तासाभराचा. त्यात शब्द म्हणून नाही, नुसते आवाज.

"पाणी येऊन जाऊ दे, मग लावू," लतिका गेल्यावर केशव युवराजला म्हणाला.

"पाण्याचा काय भरवसा? काल येणार हुतं, आलं व्हय? लाव तू."

केशवनं लावला. मोह आवरला असता तर अडचण कसली होती!

पण पाच मिनिटांतच त्याची चुळबुळ सुरू झाली. एक कान अल्बमकडं, एक मोरीकडं. पाय हलतोय, बोटं खुर्चीवर वाजतायत, मध्येच मान मागं वळतेय.

"काय वळवळ करूलास रं? नीट ऐक की," युवराज खेकसला.

तेवढ्यात कुठंतरी फुस्स झालं. मग टिंग. टिंग टिंग.

"युवराज, पातेलं!"

"पातेलं कसलं! अल्बममधलंच हाय ते. ताल बघ की. तुमच्या पातेल्याला एवढा ताल असतोय व्हय?"

केशवनं कान दिला. ताल होता खरा. उठून बघावं तर तीन वर्षांची मेहनत मातीत. न उठावं तर लतिका. माणूस अशा वेळी सोयीचं तेच स्वतःला पटवून घेतो. त्यानं डोळे मिटले.

टिंगटिंगचं ठणठण झालं आणि ठणठणाचा धबधबा झाला.

"आयला, काय पाणी वाजवलंय!" युवराज डोलत म्हणाला. "दहापैकी दहा."

"साडेनऊ. पातेलं जरा जास्त झालंय."

इकडं मोरीत धारेच्या जोरानं पातेलं सरकलं होतं आणि नेमकं जाळीवर जाऊन बसलं होतं. वाट बंद झाल्यावर पाणी तरी काय करणार? ते मोरीचा कट्टा ओलांडून स्वयंपाकघरात आणि तिथून निवांत बैठकीत आलं.

"केशव, माझं पाय गार पडल्यात रं. असलं संगीत जन्मात ऐकलं न्हवतं."

"माझेही," केशव गहिवरून म्हणाला.

मग पाणी जमिनीवरच्या वायरींच्या बोर्डापर्यंत पोचलं. फट्! मेन स्विच पडला, पंखा थांबला, स्पीकर मुके झाले. पाणी मात्र वाजतच राहिलं.

"करंट गेला," युवराज म्हणाला.

"हं."

"मग हे काय वाजूलंय?"

दोघं एकदम उठले आणि एकदमच आपटले. घसरत, धडपडत केशव मोटरच्या बटणाशी पोचला. बटण दाबलं. दाबलं, पुन्हा दाबलं. करंट नाही तर मोटर कशी चालणार, हे वकिलाला सुचेपर्यंत नळानं शेवटचा फुस्कारा टाकला आणि पाणी गेलं.

संध्याकाळी लतिका माहेरची माणसं घेऊन आली, तेव्हा दोघं चादरींनी फरशी पुसत होते. "वा! पाय धुवायची सोय दारातच!" भावोजी खूष होऊन म्हणाले. युवराजनं चुलतभाऊ यल्लाप्पाचा टँकर पिरनवाडीहून आणवला, टाकी भरून दिली आणि अब्रू वाचवली. दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवून गेले. लतिकानं मात्र या सगळ्यात भंगारवाल्याचं नावसुद्धा काढलं नाही. केशवला त्याचीच धास्ती वाटत होती.

पुढच्या रविवारी वाद निघाला. आपण उठलो, मग नियम मोडला का?

"छे! करंट गेला तेव्हा अल्बम बंद होता," केशव म्हणाला. "बंद अल्बममधून उठणं म्हणजे उठणं नव्हे. शेवटचा तेवढा परत ऐकायचा."

"खरं हाय," युवराज लगेच म्हणाला. इतक्या झटपट त्याला कोर्टातही काही पटलं नव्हतं.

"बसा की," लतिका गोड हसून म्हणाली. "खरं नियम म्हणजे नियम हं!"

अल्बम लागला. पण त्यात पाणी नव्हतं, पातेलं नव्हतं, काहीच नव्हतं.

"लई मिळमिळीत रं," युवराज कुरकुरला. "पाच."

"चार," केशव म्हणाला. दोघंही घड्याळाकडं बघत बसले. संपता संपेना. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील नसतील, आणि टिंग. टिंग टिंग. ठण!

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मोरीकडं धूम ठोकली.

मोरीत लतिका तांब्यानं पातेल्यावर पाणी ओतत उभी होती.

"उठलासा?" तिनं विचारलं. "करंट आहे. गाणंही चालू आहे. बोला, वकीलसाहेब!"

तिनं तांब्या वकीलसाहेबांच्या हातात दिला.

"आता पहिल्यापासून. पण रविवारी न्हाई, पाण्याच्या दिवशी. आणि बैठकीत न्हाई, हितं, मोरीपाशी, मोटरच्या बटणावर हात ठेवून. लग्न झाल्यापासून पाण्याची वाट मी एकटी बघतेय. आता तीन वर्षं तुम्ही दोघं बघा. मी झोपते."

ती खरंच जाऊन आडवी झाली. दोघं पातेल्याकडं बघत उभे राहिले.

"केशव," युवराज हळूच म्हणाला, "पहिला अल्बम कुठला हुता रं?"

केशवनं लई डोकं खाजवलं, पण दोघांनाही तो काही आठवला नाही.