तक्क्याचा डावा कान

कानात औषध घालायचं तर आधी कान सापडायला हवा, आणि कान सापडायला आधी कुत्रा. जुळारीबुवा गुडघे टेकून पलंगाखाली डोकावत होते. पलंगाखाली अंधार होता, एक जुनी ट्रंक होती आणि ट्रंकेमागून शेपटीचं टोक तेवढं बाहेर आलेलं होतं.

"तक्क्या, ये बाळा बाहेर," ते म्हणाले. "काही करत नाही मी."

शेपटीचं टोकही आत गेलं.

"हातात बाटली धरून सांगताय, काही करत नाही म्हणून," काकू दारातून म्हणाल्या. "कुत्रं आहे ते, मतदार नाही."

तक्क्या हा आखूड पायांचा, लांब कानांचा तपकिरी कुत्रा. भिंतीला टेकून पडला की अगदी तक्क्यासारखा दिसे, म्हणून हे नाव. मुळात तो मुलाचा आणि सुनेचा. पण त्यांनी घेतलेल्या नव्या घराच्या इमारतीत कुत्र्यांना मनाई होती. सुनेच्या ऑफिसातला एक सहकारी त्याला न्यायला तयार होता. त्याचं गावाबाहेर प्रशस्त घर होतं, मोठं अंगण होतं. जुळारीबुवा जेवता जेवता, ताटाकडे बघत, एवढंच म्हणाले होते की आपल्याकडे राहिला तरी चालेल. हे वाक्य ते आठवडाभर मनात जुळवत होते.

सून विमा कंपनीत होती. लोकांचे दावे खरे की खोटे हे तपासायचं तिचं काम, त्यामुळे घरातसुद्धा नुसत्या शब्दावर ती फारशी विसंबत नसे.

"बाबा, प्रश्न राहण्याचा नाही, कानांचा आहे," ती म्हणाली होती. "असल्या लोंबत्या कानांत हवा जात नाही, सारखं काहीतरी होतं. आत्ता डावा बिघडलाय. सकाळ-संध्याकाळ धुऊन औषध घालायचं, आणि हा हात लावू देत नाही. मला दोनदा चावलाय. पुढच्या शनिवारी डॉक्टरीणबाईंना दाखवू. तुम्हाला जमलं असेल तर राहू दे इथे. नाहीतर मग तिकडे पाठवते मी."

बुवांनी मान हलवली. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून वेचायचे आणि ओळी जुळवायच्या, यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्या कामात बोलावं लागत नसे. छापखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली तरी माणसांशी बोलताना त्यांचं वाक्य अर्ध्यावर अडकायचं. तक्क्याशी बोलताना मात्र ते पूर्णविरामापर्यंत जायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायला घेतलं असतं तर तेही अर्ध्यावर अडकलं असतं.

लवकरच बुवांच्या लक्षात आलं की तक्क्या बाटलीला भीत नाही, चष्म्याला भितो. बुवांनी वर्तमानपत्र वाचायला चष्मा लावला की तो पलंगाखाली, काढला की बाहेर. सुनेलाही औषध घालताना चष्मा लागायचा, हे त्यांना आठवलं. त्यांनी चष्म्याशिवाय औषध घालून पाहिलं. पहिल्या वेळी ते फरशीवर सांडलं, दुसऱ्या वेळी त्यांच्याच सपातेत, आणि तिसऱ्या वेळी काकूंच्या चहात.

"माझे कान चांगले आहेत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चहा ओतून दिला.

मग बुवांना युक्ती सुचली. तक्क्या सकाळ-संध्याकाळ गॅलरीच्या कठड्याशी बसून रस्ता बघत असे. त्या वेळी चष्मा लावून, फरशीवर बसल्या बसल्या सरकत, मागून त्याच्याजवळ जायचं. चष्मा दिसणारच नाही. बुवांनी तसं केलं. हळूच कान उचलला, धुण्याचं औषध सोडलं, कानाचं मूळ बोटांनी चोळलं. तक्क्याने मागे वळून पाहिलं नाही. उलट त्याने डोळे मिटले आणि सगळा भार बुवांच्या पोटावर टाकला. बुवांनी कापसाने कान पुसला, वरून थेंब घातले, आणि या सगळ्यात त्याला वर्तमानपत्रातला आख्खा अग्रलेख तोंडी सांगितला.

फक्त कान चुकीचा होता.

यात बुवांचा दोष म्हटला तर थोडाच. छापखान्याच्या खिळ्यावर अक्षर उलटं कोरलेलं असतं, तेव्हाच ते कागदावर सुलटं उमटतं. त्यामुळे डोळ्यांसमोर जे येईल त्याचं डावं-उजवं मनातल्या मनात बदलून घ्यायचं, ही बुवांच्या हाडात मुरलेली सवय. कुत्रा समोर असता तर ती कामालाच आली असती, कारण समोरच्याचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो. पण आता बुवा मागे जाऊन बसले होते आणि सवय मात्र पुढेच बसून राहिली होती. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, ते तक्क्याचा निरोगी उजवा कान धूत होते.

सून रोज फोन करायची आणि फोटो मागायची. बुवा अगदी जवळून फोटो काढून पाठवायचे. एवढ्या जवळून काढलेला कान डावा की उजवा हे विमा कंपनीलाही कळलं नसतं. कान गुलाबी होता, कोरडा होता, कुठे मळाचा ठिपका नव्हता. सुनेने एकदा चक्क शाबास म्हटलं. बुवांनी ते तक्क्याला सांगितलं. तक्क्याने मान एका बाजूला कलती केली. हल्ली तो बराच वेळ तशी मान करून बसे, आणि बुवांना वाटे, ऐकतोय.

घरात वास येऊ लागला तो याच सुमारास.

काकू म्हणाल्या की हा वास कुत्र्याचा आहे. बुवांनी जाऊन कान हुंगला. कानाला साबणासारखा वास येत होता. ज्याअर्थी कान स्वच्छ, त्याअर्थी वास दुसरीकडचा, हे उघड होतं. तक्क्याची सतरंजी धुतली. उशांचे अभ्रे धुतले. चपलांचं कपाट रिकामं करून उन्हात ठेवलं. सोफा भिंतीपासून ओढताना त्याचा एक पाय निखळला, तेव्हा तो तिरका सोफा दाराबाहेर जिन्यात गेला आणि वरच्या मजल्यावरचे लोक त्याला वळसा घालून जाऊ लागले. वास होता तिथेच होता. तक्क्या ज्या खोलीत जाई त्या खोलीत तो जास्त येई, पण तक्क्या सगळ्याच खोल्यांत जात असल्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने मोरीचा पाइप खोलला, त्यातून एक चमचा काढून काकूंच्या हातात ठेवला आणि म्हणाला, वास पाइपाचा नाही, कुत्र्याचा आहे.

"तो कुत्रा स्वच्छ आहे," बुवा म्हणाले.

काकूंनी चमकून पाहिलं. परक्या माणसासमोर नवऱ्याने एक वाक्य पुरं केलेलं त्या प्रथमच ऐकत होत्या. बुवा तेवढ्यावर थांबले नाहीत. तक्क्याला धरून आणून त्यांनी कान उलटा करून दाखवला. प्लंबरने आत नीट पाहिलं, हुंगलं, आणि माघार घेतली. मग वास फरशीखालचाच असणार, असं म्हणून त्याने न्हाणीघर उकरायला घेतलं. शुक्रवारपर्यंत न्हाणीघरात खड्डा, जिन्यात सोफा आणि घरात वास अशी परिस्थिती होती, आणि बुवा-काकू अंघोळीला शेजारी जात होते.

"त्या एका कानाने सगळं घर बाहेर काढलं," काकू टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाल्या.

"पण कान बरा झाला की," बुवा म्हणाले.

शनिवारी सून दवाखान्यात आधीच येऊन थांबली होती. तक्क्याला टेबलावर चढवलं. डॉक्टरीणबाईंनी डावा कान उचलला, आणि त्यांचं तोंड जरा मागे गेलं.

"काका, औषध घातलंत का?"

"रोज. दोन वेळा."

"यात?"

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या बाजूला जाऊन उजवा कान उचलला. बॅटरी लावून त्या बराच वेळ आत बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या मदतनीस बाईलाही बोलावून दाखवला.

"बाबा," सून म्हणाली, "त्याचा डावा कान कुठला?"

बुवांनी बोट दाखवलं. सगळे तक्क्याच्या पाठीमागे उभे होते. बोट उजव्या कानाकडे होतं.

"म्हणजे काय आहे, खिळा जो असतो तो..." बुवा म्हणाले आणि वाक्य तिथेच अडकलं.

"छापखान्यातला डावा आहे तो," काकूंनी ते पुरं केलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डावा कान थोडा आणखी बिघडलाय, पण औषधाने बरा होईल. चांगल्या कानात औषध गेलं त्याने या खेपेस काही बिघडलं नाही, पण पुन्हा असं करू नका. बुवांनी साखळीचं टोक मुठीत धरलं होतं. ते त्यांनी सुनेपुढे केलं.

"अंगण मोठं आहे ना त्यांचं?" त्यांनी विचारलं.

सुनेने साखळी घेतली नाही. ती फोनमधले फोटो एकेक करून सरकवत होती. मग तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, मागच्या खेपेला याला धरायला किती जण लागले होते? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी, या बाई, आणि बाहेर मांजर घेऊन बसलेले एक गृहस्थ.

"बाबा, आत्ता घालून दाखवा," सून म्हणाली. "डावीकडे."

तक्क्याला खाली उतरवलं. बुवा त्याच्यामागे फरशीवर बसले, चष्मा लावला, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरून बरोबर कानावर नेऊन ठेवला. कान दुखरा होता. तक्क्या गुरगुरला. बुवांनी त्याला खालच्या आवाजात न्हाणीघराच्या खड्ड्याची हकीकत सांगायला सुरुवात केली. खड्डा गुडघ्याएवढा झाला तोवर गुरगुर थांबली होती, आणि प्लंबरने हात टेकले तोवर तक्क्या बुवांच्या पोटावर रेलला होता. मदतनीस बाई हातमोजे घालून तयार होत्या, त्यांनी ते काढून ठेवले.

"बाबा, केलेलंच नाही अशा कामाचे फोटो मी रोज बघते," सून म्हणाली. "इतकं चोख करून चुकीच्या जागी केलेलं काम आजच बघितलं. राहू दे हा तुमच्याकडे. त्यांना मी नको म्हणून कळवते."

बुवांना काहीतरी म्हणायचं होतं. ते त्यांनी तक्क्याच्या कानात सांगितलं, या वेळी डाव्या.

घरी आल्यावर काकूंनी वेळ घालवला नाही. पुन्हा गोंधळ नको म्हणून त्यांनी तक्क्याच्या पट्ट्याला डाव्या बाजूला एक लाल बटण शिवलं. संध्याकाळी बुवा बाटली आणि कापूस घेऊन, बसल्या बसल्या सरकत गॅलरीत गेले. पण दिवसभर मान झटकून तक्क्याने पट्टा फिरवला होता. बटण बरोबर गळ्याखाली, मधोमध आलं होतं. बुवांचा हात हवेतच राहिला.

"अगं, बटण मधेच आलंय," त्यांनी आत हाक दिली. "आता कसं ओळखायचं?"

"दोन्ही कान हुंगा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ज्याने तोंड फिरवावंसं वाटेल, तो डावा."

बुवांनी हुंगून पाहिलं. उत्तर लगेच मिळालं. पण थेंब घालता घालता त्यांना नवी शंका आली.

"आणि बरा झाल्यावर कसं ओळखायचं?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"बरा झाल्यावर," काकू सावकाश म्हणाल्या, "ओळखून काय करणार आहात?"