वरकुट्यातला बर्फरोधक स्लॅब

घर हे मुख्यतः पाहुण्यांनी बघावं म्हणून बांधतात. त्यात राहावं लागतं, ही मागाहून उद्भवणारी अडचण. वरकुट्याचे सावळाराम हे तत्त्व कोळून प्यायले होते. जळोचीच्या महिपतीनं, म्हणजे त्यांच्या मेहुण्यानं, भूकंपरोधक घर बांधल्यापासून साधं घर बांधणं त्यांच्या जिवावर आलं होतं. बायकोची, दगडाबाईंची, मागणी किरकोळ होती: स्लॅबवर पाण्याची टाकी बसावी आणि स्वयंपाकघरात नळ यावा. (ह्यात रोधक असं काहीच नव्हतं.)

बारामती एमआयडीसीत तयार काँक्रीटच्या एका प्लँटवर शिवम ऑर्डरी घ्यायचा. त्यानं माहिती दिली, की थंड मुलखात काँक्रीटमध्ये औषध घालून हवेचे बारीक बुडबुडे राखतात. आतलं पाणी गोठून फुगलं तर त्याला जागा मिळते, स्लॅब फुटत नाही.

"आपल्याकडं लागत न्हाय पण, तात्या," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"महिपतीनं घातलंय का?"

"न्हाय."

"मग घाल."

उपलब्ध माहितीनुसार वरकुट्यात आजवर पडलेला बर्फ: शून्य. एकदा गारा पडल्या, त्या पोरांनी खाल्ल्या. तरीही सावळाराम गाफील राहायला तयार नव्हते. औषध मोजलं जात असताना ते पंगतीत आग्रह करावा तसे मागं उभे राहिले. "हात आखडू नगंस. घाल आजून. घरचं काम हाय." आग्रह मोडणं शिवमला जमलं नाही (त्याचं आजोळ इंदापूरचं; तिथं पंगतीत नको म्हणायची सोय नसते).

भर मे महिन्यात स्लॅब टाकला. महिपती आला, माहिती ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला. सावळारामांच्या लेखी घर तिथंच पूर्ण झालं.

पुढं त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे यंत्रात दाबले, तर ते ठरल्या ताकदीच्या निम्म्यावरच फुटले. हवा जास्त झाली, की काँक्रीट कमजोर होतं. बांधकाम बघणाऱ्या इंजिनिअर विनया मॅडमनी कळवलं: बर्फ पडल्यास हरकत नाही, टाकी ठेवू नये.

टाकी अंगणात आहे. दगडाबाई तिच्यातून कळशी भरून आत नेतात आणि जाता जाता विचारतात, "अवं, बरफ कंदी पडायचा हाय?" सावळारामांना मनापासून वाईट वाटतं. मग पाहुणे येतात आणि ते वाटायचं थांबतं. गावातल्या आणखी दोघांनी शिवमचा नंबर नेला आहे.

तुम्हाला हसू आलं असेल, तर जरा मनगटाकडं बघा. ते घड्याळ शंभर मीटर खोल पाण्यातही चालतं म्हणून तुम्ही घेतलंत. आणि हात धुताना काढून ठेवता.