बारा कागदी लंगोट

सदूचं जुनं धोतर फाडायचं की नाही, यावरून नागावच्या त्या घरात चार दिवस धुसफूस चालली होती. म्हणजे बोलत होत्या त्या आवडाबाई, आणि त्यांची सून रंगू ऐकलं न ऐकलंसं करत होती. सासूपुढे सुनेला भांडण्याची याहून सोयीची रीत नाही.

"अगं, पोराचे लंगोट पार चिरगुटं झाले. माझी जुनेरं संपली, तुझं लग्नाआधीचं लुगडं संपलं," आवडाबाई म्हणाल्या. "आता घरात मऊ म्हणून काय उरलं? त्याचं धोतर. काढ ट्रंकेतनं."

"नवं मांजरपाट आणलं तर, आत्याबाई?"

"तान्ह्या अंगाला नवं कापड लावतात व्हय? बोचतं. आठ-धा वर्सं धुऊन धुऊन सायीवानी झालेलं पायजे."

"मग ते आल्यावर काय नेसतील?"

"यायला तर पायजे!"

रंगू पाळणा हलवायला उठली. तिचा नवरा सदू मुंबईला गोदीत कामाला होता. बाळाच्या बारशाला दोन दिवस येऊन गेला, त्याला आता साडेतीन महिने होत आले. शिमग्याला नक्की येतो म्हणाला होता. होळी पेटली आणि विझली, पालखी घरोघर फिरून देवळात गेली, चैत्र लागला, पण सदू आला नाही. जेठात पावसापायी मुंबई-रेवस लाँच बंद झाली की नारळी पौर्णिमेपर्यंत कुणाची वाट बघायची सोय नव्हती. तोवर पोरगं रांगायला लागलं असतं आणि बापाला बघून रडलं असतं.

ते धोतर सदू बारशाच्या वेळी टाकून गेला होता. रंगूनं ते धुतलंच नव्हतं. त्याला विडीचा आणि काथ्याच्या दोरांचा वास होता. दुपारी आवडाबाईंचा डोळा लागला की ती ट्रंक उघडायची, पटकन तोंड आत घालायची आणि ट्रंक बंद करायची. साडेतीन महिने धोतर धुवायला विसरणारी सून म्हणून बोलणी खाल्ली तरी चालतील, पण फाडायला द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

बरं, त्याला ये म्हणून कळवावं, तर रंगूला लिहिता येत नव्हतं. कार्ड लिहायचे शेजारचे अंबाजीकाका. ओटीवर काका, त्यांच्या शेजारी चंद्राकाकी, दारात सासूबाई. अशा भरल्या सभेत 'तुमच्यावाचून करमत नाही' असं कोण सांगेल? काका टाक बुडवून विचारायचे, "हं, काय लिहू?" आणि रंगू पदराचं टोक चावत म्हणायची, "सगळं खुशाल हाय असं लिहा." मग म्हशीची खुशाली निराळी जायची.

अशातच शुक्रवारी ताजुद्दीन आला. तो लाँचीवर खलाशी होता आणि आठवड्यातून एकदा नागावला घरी येई.

"भाभी, सदूनं डबा दिलान हाय," तो अंगणातूनच ओरडला. "डोक्यावर घेऊन आलो. आत काय हाय ते अल्लाला ठाऊक!"

पुठ्ठ्याच्या डब्यावर एक गोरंगोमटं पोर बिनदाताचं हसत होतं. आत पांढऱ्याशुभ्र बारा घड्या आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठी अर्थातच अंबाजीकाकांनी चष्मा लावून खड्या आवाजात वाचली.

"हे कागदाचे लंगोट आहेत. विलायती बोटीवरच्या खानसाम्याने दिले. एकदा वापरून टाकून द्यावे. धुऊ नये. विहिरीवर धुणं धुऊन तुझे हात सोलवटलेले मी बारशाला पाहिले होते."

शेवटचं वाक्य काकांनीही जरा हळू वाचलं. रंगूचे कान तापले. त्याला दिसलं होतं तर! दोन दिवसांत हातांबद्दल एक शब्द बोलला नव्हता बाबा.

"येकदा वापरून टाकायचा?" आवडाबाईंनी एक घडी उलटसुलट करून पाहिली. "लंगोट हाय का पत्रावळ?"

"असू दे आत्याबाई. धोतर तरी वाचलं," रंगू म्हणाली आणि त्याच दुपारी बाळाला विलायती लंगोट चढला. बाळ काही तक्रार करेना.

तक्रार पुढे निघाली. पहिला लंगोट काढल्यावर तो उकिरड्यावर टाकायला रंगूचा हात होईना. माणसानं आपल्या हातांची आठवण ठेवून मुंबईहून वस्तू पाठवावी आणि आपण ती उकिरड्यावर फेकावी? तिनं तो टोपलीत ठेवला. दुसरा ठेवला. आवडाबाईंनाही टाकणं पटत नव्हतं, त्यांचं कारण वेगळं होतं.

"सगळे एकदम धुऊन काढू. वापरून संपतात तर पुन्हा वापरू."

"पण त्यांनी धुऊ नये म्हणून लिवलंय."

"पुरुषमाणसानं जन्मात कधी लंगोट धुतलाय? त्याला काय कळतंय!"

 रविवारी सकाळी वापरलेले बाराही लंगोट विहिरीवर गेले. तिथून पाण्याचा पाट रंगूच्या वाडीतून अंबाजीकाकांच्या वाडीत जायचा आणि मधल्या बांधाखाली त्याला एक मातीचं नळकांडं होतं. रंगूनं पहिला लंगोट भिजवून धोंड्यावर आपटला आणि तिच्या हातात नुसता काठ राहिला. बाकीच्याची लापशी झाली होती. दुसरा हलक्या हातानं चोळला, त्याचीही लापशी. आवडाबाईंनी उरलेले एकदमच बुडवले. बघता बघता लापशी पाटात उतरली, फुगली, नळकांड्यात जाऊन बसली आणि पाणी बांधावरून पलीकडे गेलं.

पलीकडे चंद्राकाकींनी चटईवर तांदळाच्या पापड्या वाळत घातल्या होत्या.

काकींची किंकाळी ऐकून दोघी धावल्या. पापड्या पाण्यावर तरंगत होत्या आणि त्यांच्यात आणखीही काही पांढरं तरंगत होतं. काकी सुपात दोन्ही हातांनी भराभर गोळा करत होत्या. "पीठ वाया नको जायला गं बाय! पुन्हा मळून घालते!" असं म्हणून त्यांनी गोळा मळायलाही घेतला.

रंगूनं सासूकडे पाहिलं. सासूनं आभाळाकडे पाहिलं. शेवटी रंगूच्यानं राहवेना.

"काकी, मळू नका," ती म्हणाली. "त्यातलं निम्मं आमच्या बाळाचं हाय."

सूप हातातून पडलं. मग जे झालं ते अर्ध्या नागावानं ऐकलं. चैत्राच्या उन्हात आपल्या माडांचं पाणी अडवलं म्हणून अंबाजीकाका बांधावर उभे राहून गरजले, "आजच सदूला चिठ्ठी लिहितो! येऊन निकाल लाव म्हणतो, न्हायतर पंचांपुढं उभा राहा!" संध्याकाळी आवडाबाई माफी मागायला म्हणून पलीकडे गेल्या आणि बऱ्याच वेळानं गुपचूप परत आल्या. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी ताजुद्दीनबरोबर गेली.

रंगूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ते आले तरी रागानं येणार! तिनं मुकाट्यानं ट्रंक उघडली, धोतर बाहेर काढलं आणि स्वतःच टराटरा फाडलं. लंगोट करायचे तर धुणं आलंच. विडीचा वास, काथ्याचा वास, सगळं पाटाच्या पाण्यातून निघून गेलं आणि ती धोंड्याशी बसून पोटभर रडली. बाळ मात्र बापाच्या धोतरात गाढ झोपलं.

गुरुवारी सदू दारात उभा राहिला. पिशवी ओटीवर फेकून तो तसाच अंबाजीकाकांकडे पळाला. रंगू कुडाआड कान देऊन उभी राहिली.

"काका, पाया पडतो, पंचांपर्यंत नेऊ नका!"

"कसले पंच?" काका सुपारी कातरत होते. "नळकांडं त्याच दुपारी मोकळं झालं. तुझ्या आयशीनं सांगितलान तसं लिवलं बाबा. म्हणाली, खुशालीच्या कार्डानं ल्योक येत न्हाय, कज्जाच्या चिठ्ठीनं येईल."

रंगूनं वळून पाहिलं. आवडाबाई तुळशीला पाणी घालण्यात अगदी गढून गेल्या होत्या.

सदू घरी आला तो थोडा रागात, थोडा हसत. "सगळं खुशाल म्हणून लिवत होतीस," तो रंगूला म्हणाला. "मला वाटलं, माझ्यावाचून काय अडत न्हाय."

"काकांच्या देखत दुसरं काय लिवणार?" एवढंच रंगू म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

आंघोळ करून त्यानं हाक मारली, "माझं जुनं धोतर दे गं."

"ते तुमच्या ल्योकानं नेसलंय."

चार दिवस राहून सदू गेला. नेसून आलेलं धोतर मात्र तो खुंटीवर विसरून गेला. रंगूनं ते न धुता ट्रंकेत ठेवलं.

त्या शुक्रवारी ताजुद्दीन अंगणात आला. "भाभी, सोमवारी निघतो. सदूला काय सांगू? सगळं खुशाल?"

"खुशाल नका सांगू," रंगू घाईनं म्हणाली. मग पदराचं टोक न चावता तिनं निरोप दिला, "सांगा, कागदाचे लंगोट लई बरे होते. आणखी एक डबा पाठवा म्हणावं."

आतून आवडाबाईंचा आवाज आला, "दोन म्हणावं रे ताजुद्दीन! जेठात लाँच बंद व्हायच्या आत नळकांडं दोनदा तुंबायला पायजे."